मिसचा उजवा हात

सिंगापुरात भाड्याचं घर शोधताना फोनवर पहिला प्रश्न काय येणार, हे मला पाठ झालं होतं. कुठले तुम्ही, आणि स्वयंपाक करणार का? 'इंडियन' म्हटलं की पलीकडून यायचं "लाइट कुकिंग ओन्ली" किंवा सरळ "सॉरी". मरीन परेडच्या त्या फ्लॅटच्या मालकीणबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कोणी गुणगुणतं का?"

फोन माझ्या नवऱ्याच्या हातात होता, स्पीकर चालू होता. तो म्हणाला, "नो, नो. नोबडी."

मी त्याच्या शेजारीच उभी होते. सातव्या वर्षापासून गाणं शिकलेली, विशारद झालेली, पुण्यात हळदीकुंकवापासून बँकेच्या स्नेहसंमेलनापर्यंत जिथे बोलावतील तिथे पेटी घेऊन गेलेली. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोन ठेवल्यावर म्हणाला, "अगं, फोडणीला परवानगी आहे. आणखी काय हवं?"

त्या घरात आम्ही पाच वर्षं राहिलो. दोन खोल्या आमच्या, एक बाईंची. हॉल सगळ्यांचा असं बोलणं झालं होतं, पण तो खरं तर पियानोचा होता. भिंतीला टेकवलेला उभा पियानो, काळा, कडेचं पॉलिश उडालेलं. इथल्या दमट हवेत लाकूड फुगू नये म्हणून त्याच्या पोटात एक बल्ब रात्रंदिवस जळत असायचा. आमच्या खोलीतला एसी जरा जास्त वेळ चालला तर बाई दारावर टकटक करायच्या, पण त्या बल्बला कधी सुट्टी नव्हती.

त्यांना मिस म्हणायचं. इथे साठीपुढच्या कुठल्याही बाईला लोक आंटी म्हणतात, म्हणून आमची रेवा पहिल्या दिवशी 'आंटी' म्हणाली. बाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "आंटी घरी असतात. मी कामावर जाते. मी मिस." तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या, दोन नवरे करून झाले होते आणि कामावर जाणं कधीच थांबलं होतं. पण हॉटेलांच्या दारातल्या पाट्यांवर नावाआधी 'मिस' लिहिलेलं असायचं, ते त्यांनी कधी खाली उतरवलं नाही. मग आम्हीही मिसच म्हणायला लागलो. मी मनातल्या मनात मिसबाई म्हणायचे. पुणेरी तोंडाला नुसतं मिस जड जातं.

मिस युरेशियन. अंगात पोर्तुगीज, डच, मलाय असं काय काय मिसळलेलं. वडील बंदरात कारकून होते, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. मिस सोळा वर्षांच्या असताना इंग्रज सैनिकांच्या एका क्लबातला पियानोवाला दारू पिऊन कोसळला आणि कुणीतरी म्हणालं, त्या ऑर्गनवालीच्या पोरीला आणा. पोरगी आली आणि घरी परत गेलीच नाही. म्हणजे गेली, पण आईने दार उघडलं नाही. बंदरात उतरणाऱ्या अमेरिकन खलाशांकडच्या तबकड्या ऐकून ऐकून ती रिदम अँड ब्लूज शिकली. कुणी शिकवलं नाही, कुठली परीक्षा नाही. पुढे वीसेक वर्षं मिस मोठ्या हॉटेलांच्या लाऊंजमध्ये पियानोवर बसून गायल्या. एक तबकडी निघाली, त्यातलं एक गाणं रेडिओवर काही महिने वाजलं. मग डिस्को आले, यंत्रावर गाणारे आले आणि मिसच्या जागी हॉटेलने कारंजं बसवलं. "माझ्यापेक्षा बेसूर होतं," त्या म्हणायच्या, "पण ते पगार मागत नव्हतं."

हे सगळं मला एकसंध कधीच कळलं नाही. तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन-तीन आवृत्त्या होत्या. पहिला नवरा कधी जहाजावरून पाण्यात पडून मेलेला असायचा, कधी पर्थला दुसऱ्या बाईबरोबर सुखात नांदत असायचा. रेवाला सगळ्या आवृत्त्या पाठ होत्या. "आई, आज बुडालेला नवरा होता," ती मला येऊन सांगायची. मला मात्र मिसनी कधी एकही गोष्ट आपणहून सांगितली नाही.

त्यांचे हात हा घरातला वेगळाच सदस्य होता. त्या हातांनी भांडी घासायची नाहीत, मिरच्या चिरायच्या नाहीत, बरणीचं झाकण फिरवायचं नाही. लोणच्याची बरणी घेऊन मिस आमच्या दारात उभ्या राहायच्या आणि माझा नवरा मीटिंग सोडून उठायचा. कचऱ्याची पिशवी टाकायलाही ओठ रंगवल्याशिवाय जायच्या नाहीत. बाजारात जाताना खोट्या पापण्या. लिफ्टची घंटा वाजली की तोंड वाकडं करून, इथल्यासारखं शेवटी 'लाह' लावून म्हणायच्या, "फ्लॅट, लाह. सुरात रोज थोडी खाली जाते." आणि खरंच ती खाली गेलेली असायची. तेवढं मलाही कळायचं, पण मी तसं म्हटल्याचं कुणाला आठवत नाही.

गुणगुणण्याचं कारण त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. स्वयंपाकघरात माझ्या तोंडून नकळत भूपाची एक ओळ निघाली होती. बाहेरून आवाज आला, "हू इज हिडिंग?" लपतंय कोण? मी बाहेर गेले. मिस कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, पीत बसल्या होत्या. "गायचं असेल तर इथे ये," त्यांनी पियानोकडे बोट दाखवलं, "उभी राहा आणि गा. नाहीतर गप्प बस. गुणगुणणं म्हणजे दाराच्या फटीतून बघणं."

मी परत जाऊन कणीक मळली.

त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो दुपारी चारला. रोज चारला मिस पियानोवर बसायच्या, त्यात कधी खाडा नाही. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. घोगरा आवाज, काठाला फाटलेला, खरवडलेल्या पातेल्यासारखा. श्वास चुकीच्या जागी. पुण्यातल्या आमच्या गाण्याच्या बाईंनी अशा आवाजाला पहिल्या परीक्षेलासुद्धा बसू दिलं नसतं. मी मनातल्या मनात चुका मोजायला लागले. मग एका जागी अडखळले. त्यांचा गांधार. धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. दोन्हींच्या मधे कुठेतरी तो लोंबकळत होता आणि तिथेच राहत होता. ही चूक असेल तर दर वेळी त्याच जागी कशी होते?

गाणं त्यांचं स्वतःचंच होतं, तबकडीवरचं. इंग्रजी शब्द साधेच. माझ्या मनात ते मराठीत उतरायचे: दाराला कडी नाही, नुसतं लोटलंय. एक बाई कुणाची तरी वाट बघते आहे आणि बघत नाही असं दाखवते आहे. त्या 'लोटलंय'वर मिस तो गांधार लावायच्या. हातातली घडी तशीच राहिली. डोळ्यांत पाणी आलं म्हणावं, तर ते रागाने आलं होतं. वीस वर्षं मी सूर घोटला, पहाटे उठून खर्ज लावला, आणि ही बाई फुटक्या आवाजात, चुकीच्या श्वासावर, मला नवऱ्याच्या शर्टाच्या बाह्या धरून उभी करते.

दुसऱ्या दिवशी घरी कुणी नसताना मी पेटी काढली आणि तो गांधार शोधला. पेटीवर तो नसतोच, दोन पट्ट्यांच्या मधे लाकूडच असतं. पियानोवरही नाही. मग चारला बघितलं, तर मिस काळ्या पट्टीवरून बोट घसरवून पांढरीवर आणायच्या, दोन्ही सूर एकमेकांना चिरडायच्या, आणि त्याच्यावर गळा ठेवायच्या.

रेवा तेव्हा नऊ वर्षांची. तिला मी पाचव्या वर्षापासून सा-रे-ग-म द्यायला बसवत होते. तिचं एकच, "बोअरिंग, आई. सेम सेम ओन्ली, लाह." इथल्या मराठी मंडळातली इतर मुलं माझ्याकडे शिकायला यायची, त्यांच्या आया मला 'ताई' म्हणायच्या, आणि माझी स्वतःची मुलगी पेटी उघडली की पोट दुखतंय म्हणायची. मीही म्हटलं, नसेल गळा तिला, बापावर गेली असेल.

एका दुपारी कुकर लावला होता. शिट्टी झाली आणि हॉलमधून पियानोवर नेमका तोच सूर वाजला. दुसरी शिट्टी, पुन्हा तोच सूर, आणि त्याच पट्टीत मिसनी गाणं सुरू केलं. तिसऱ्या शिट्टीला त्यांनी बरोबर जागा मोकळी सोडली, कुकरने ती भरली, आणि रेवा हसत सुटली. इतकी हसली की जमिनीवर बसली. मी बाहेर आले तेव्हा ती स्टुलावर मिसच्या शेजारी बसली होती आणि मिस तिला सांगत होत्या, "आता तू कुकर."

कुकर माझा होता. आतली डाळ माझी होती. पण त्या दिवसापासून चार वाजता माझी मुलगी माझी राहिली नाही.

शाळेतून आली की दप्तर फेकून ती स्टुलावर. तिचा आवाज चांगला होता. हे मला भिंतीच्या अलीकडून कळलं, आणि हे मला माहीत नव्हतं हे त्याहून वाईट. मिस तिला सूर लाव वगैरे काही म्हणायच्या नाहीत. त्यांचं एकच ठरलेलं वाक्य असायचं, "छान गाऊ नकोस. काय झालं ते सांग." रेवा शाळेत कोण तिच्याशी बोललं नाही, कुणी तिच्या डब्याला नाव ठेवलं, ते सगळं गाण्यात सांगायची. मी विचारलं की, "नथिंग."

एकदा मी नवऱ्याला म्हटलं, "आपण घर बदलू या."

त्याचं ऑफिस तेव्हा जुरोंग ईस्टला हललं होतं, रोज बेटाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा. खूश होईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "कशाला? रेवा इथे किती आनंदात आहे."

मग मी ठरवलं, या बाईला एकदा ऐकवायचंच. रेवाच्या देखत ऐकवायचं. एका शनिवारी चार वाजता मी हॉलमध्ये गेले, पियानोजवळ उभी राहिले आणि म्हटलं, "मिस, मी गाते."

रेवाने डोळे मोठे केले. मिसनी पट्ट्यांवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. मी यमनातली एक चीज गायले. तयारीने गायले. आलाप, बोल-ताना, शेवटी एक अशी तान घेतली की आमच्या बाईंनी उठून पाठ थोपटली असती. थांबले तेव्हा मला घाम फुटला होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकीबाहेर वाळत टाकलेल्या कपड्यांची काठी आत ओढत होतं, तेवढाच आवाज येत होता.

मिस म्हणाल्या, "व्हेरी क्लीन."

मी वाट बघत राहिले.

"फार स्वच्छ आवाज आहे तुझा," त्या म्हणाल्या. त्यात कुचेष्टा नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. "तू कोणासाठी गात होतीस?"

"म्हणजे?"

"गाताना समोर कोण होतं? मी नव्हते. पोरही नव्हती. कुणीतरी होतं, त्याच्या हातात पेन होतं."

रेवा खुदकन हसली. तिला त्यातलं काही कळलं नसणार, पण ती हसली. मी "चहा टाकते" म्हणून आत गेले आणि चहा टाकला नाही.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत मुलांचा कार्यक्रम मी बसवला होता. दोन महिने दर रविवारी तालमी. रेवा म्हणाली, "मी सोलो म्हणणार. आजीची अंगाई." मला इतका आनंद झाला की मी पुढचं ऐकलंच नाही. माझी आई म्हणायची ती अंगाई: 'झोप गं साळुंके, दिवा मंद केला, गावाला गेलेला वारा माघारी आला.' चार ओळींची, साधी. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी मिस दारात उभ्या. जांभळा सॅटिनचा गाऊन, पापण्या, ओठ, आणि हातात माझ्या मुलीचा हात. "मी हिच्यामागे वाजवणार."

मंडळाच्या कीबोर्डवर मिस बसल्या. समोर नऊवाऱ्या, कुर्ते, मोदकांची ताटं. रेवाने डोळे मिटले आणि 'माघारी आला'वर तो गांधार लावला. मिसचा गांधार, माझ्या आईच्या अंगाईत! मी पडद्याच्या कडेला उभी होते. तुआसच्या शिपयार्डात काम करणारे एक इंजिनियर पहिल्या रांगेत बसले होते, वर्षातले आठ महिने घरापासून लांब असणारे. ते चष्मा काढून तोंड पुसायला लागले. टाळ्या किती वेळ चालल्या ते मी सांगत नाही. माझ्या गटगीताला त्याच्या निम्म्यासुद्धा नव्हत्या.

नंतर सेक्रेटरी माझ्याकडे धावत आले. "ताई, काय गळा आहे हो मुलीचा! कोणी शिकवलं? त्या बाईंनी का?"

मी म्हटलं, "मोदक घ्या."

त्यानंतर साधारण वर्षाने एका तरुण मुलाला जुन्या बाजारात मिसची तबकडी सापडली. त्याला जुन्या गाण्यांचं वेड होतं. त्याने पत्ता शोधून काढला, आला, आणि आमच्या हॉलमध्ये अक्षरशः जमिनीवर बसून राहिला. मिसना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "उशीर केलास," एवढंच म्हणाल्या. त्याच्या खटपटीने मरीना बेजवळच्या पाण्याकाठच्या खुल्या रंगमंचावर मिसचा कार्यक्रम ठरला. रविवारी संध्याकाळी, सगळ्यांना मोफत. रेवा शाळेत सांगत सुटली, माय मिस, माय मिस. माझी मिस! मी बँकेची नोकरी सोडून, नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणाऱ्या डिपेंडंट पासवर इथे आले, तेव्हा कुणी कुठे माझं काही सांगत सुटलं नव्हतं.

आणि कार्यक्रमाला तीन महिने असताना मिसना झटका आला. सकाळी मीच बघितलं. स्वयंपाकघरात उभ्या होत्या, हातातला कोपीचा मग कलंडला होता आणि तो कलंडलाय हे त्यांना कळत नव्हतं. अँब्युलन्स, हॉस्पिटल. जीव वाचला. पाय जरा ओढत होता, बोलताना शब्द अडखळत होते. उजवा हात मात्र गेला. मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा तो पडून राहायचा.

रेवा त्यांना चमच्याने पेज भरवायची. माझ्या तापात ती कधी माझ्या खोलीत पाच मिनिटं थांबली नव्हती. मी पेज करून द्यायचे आणि दाराशी उभी राहायचे.

घरी आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी, चार वाजता, मिस पियानोवर बसल्या. डावा हात चालू झाला. खालचे सूर, पावलं टाकल्यासारखे, एकामागून एक. मग गायला लागल्या. बोलताना अडखळणारी जीभ गाण्यात एकदाही अडखळली नाही. डॉक्टर म्हणाले होते की असं होतं कधीकधी. मला वाटलं, हिच्या गाण्याला आजारसुद्धा हात लावत नाही.

मधेच त्या थांबल्या. "यू," त्यांनी मला हाक मारली. इंग्रजीत एकच यू असतो, पण माझ्या कानाला तो नेहमी 'तू' ऐकू यायचा. "तू... तुझी ती पेटी. कुठल्या हाताने वाजवतेस?"

"उजव्या. डाव्याने भाता मारतो आम्ही."

"म्हणजे तुला डावा हात नाहीच."

"नाही."

"गुड." त्या स्टुलावर डावीकडे सरकल्या. "बस."

रेवा शेजारीच उभी होती. "मिस, आय कॅन प्ले," ती म्हणाली. "मला येतं."

"तुझी बोटं लहान आहेत. आईला बसू दे."

त्या तीन महिन्यांत मी जितक्या शिव्या खाल्ल्या, तितक्या वीस वर्षांत गुरूंकडे खाल्ल्या नव्हत्या. पेटीवर आम्ही एका वेळी एकच सूर धरतो, गाणाऱ्याच्या मागे मागे जातो. इथे तीन बोटं एकदम पडायची, आणि पडायची ती तालाच्या जरा मागे. मी बरोबर समेवर टाकायचे. मिस डाव्या हाताने माझ्या मनगटावर चापट मारायच्या. "पोलीस आहेस? लेट, लेट. त्याला थोडं थांबू दे." मी चुकून दोन सूर चिरडले आणि लगेच बोट मागे घेतलं, तेव्हा तर ओरडल्याच. "पुसू नकोस! केलंस ना? आता तिथेच राहा."

एका स्टुलावर दोन बायका. त्यांच्या अंगाला पावडर आणि औषधी तेलाचा वास यायचा. खांद्याला खांदा लागायचा आणि त्यांचा श्वास कुठे जातो ते मला माझ्या बरगड्यांत कळायचं. तो चुकीच्या जागी नव्हता. वाक्य जिथे अवघड होतं, तिथे त्या श्वास घेत होत्या. एवढंच होतं ते.

आणि रेवा खोलीचं दार लावून बसायला लागली. चार वाजले की दार बंद. एकदा जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "शी इज माय टीचर. तुझ्याकडे तुझे स्वतःचे होते."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. समजवायला हवं होतं. पण मी आमटी वाढली, आणि आमटी वाढताना माझ्या आत काहीतरी सुखाने गरम झालं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा हेवा करत होतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पाण्यावरून वारा येत होता. पायऱ्यांवर लोक बसले होते, निम्मे मिसच्या वयाचे, निम्मे त्या तरुण मुलाच्या वयाचे. मधेमधे आईस्क्रीम खात चाललेले पर्यटक थांबत होते. मिसनी तोच जांभळा गाऊन घातला होता, मला काळी साडी नेसवली होती. "तू मागे दिसायला हवीस," असं कारण दिलं होतं. माइकमध्ये त्या हळूहळू, शब्द जुळवत म्हणाल्या, "ही माझी भाडेकरू. उजवा हात हिचा. बाकी सगळं माझं." लोक हसले. मीही हसले.

मग 'दार लोटलंय' सुरू झालं. मी मागे राहिले, लेट राहिले. त्या शब्दावर मिसचा गळा गांधाराकडे चढायला लागला, माझं बोट काळीवरून घसरलं, आणि तो सूर, जो माझ्या पेटीत नव्हता, जो कुठल्याही परीक्षेत नव्हता, आम्हा दोघींच्या मधे उभा राहिला. मी बोट मागे घेतलं नाही. समोर कुणाच्या हातात पेन नव्हतं. समोर कुणी होतं की नाही तेही मला आठवत नाही.

लोक उभे राहिले. रेवा धावत आली आणि मिसच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नॉट बॅड, आई." दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला. त्यात मिस आहेत, पियानो आहे, पाण्यावरचे दिवे आहेत, आणि कडेला कोपरापर्यंत एक हात आहे. बांगडीवरून ओळखला तर ओळखावा. नवऱ्याने तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पासष्ट जणांनी लिहिलं, 'मिस ग्रेट!'

त्यानंतर आणखी वर्षभर मिस तिथे होत्या. पाय जास्त ओढायला लागला, आधाराशिवाय वावरणं अवघड झालं. पर्थला त्यांची भाची होती, तिने हट्ट धरला. फ्लॅट विकला गेला. पियानो त्यांनी रेवाला दिला नाही, मलाही नाही. एका चर्चच्या बालवाडीला दिला. "पोरांनी बडवायला हवा," म्हणाल्या. "तुम्ही दोघी त्याची पूजा कराल." माणसं पियानो न्यायला आली तेव्हा रेवा रडत होती आणि मिस आरशासमोर बसून डाव्या हाताने ओठ रंगवत होत्या. रेघ जरा बाहेर गेली होती. आम्ही जुरोंग ईस्टला घर घेतलं, नवऱ्याच्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. तिथे फोडणीला परवानगी होती आणि गुणगुणण्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

चांगी विमानतळावर सोडायला रेवा आणि मी गेलो. भाची व्हीलचेअर घेऊन उभी होती, मिस तिच्यात बसायला तयार नव्हत्या. रेवाला त्यांनी खूप वेळ जवळ घेतलं, तिच्या केसांत काहीतरी बोलत राहिल्या. ती चौदा वर्षांची झाली होती, मिसपेक्षा उंच. मी पर्स धरून उभी होते. मग रेवाला त्यांनी पाण्याची बाटली आणायला पिटाळलं आणि मला बोटाने खुणावलं. मी वाकले.

"ते तीन महिने," त्या म्हणाल्या. शब्द अजून अडखळत होते. "तू माझ्या शेजारी बसून वाजवायचीस. रोज चारला. मला तुझा हात कापून टाकावासा वाटायचा."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या.

"मला तुमचा गळा," मी म्हटलं.

"तीन महिने?"

"पाच वर्षं."

मिस हसल्या. पापण्या सुटतील इतक्या हसल्या, पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. डाव्या हाताने त्यांनी माझा उजवा हात धरला आणि जोरात दाबला, दुखेल इतका. तेवढ्यात रेवा बाटली घेऊन आली. मिस व्हीलचेअरमध्ये बसल्या, भाचीने खुर्ची वळवली आणि त्या गेल्या. मागे वळून त्यांनी हात केला तो कुणाला, ते मला सांगता येणार नाही. आम्ही दोघींनीही हात केला.

ट्रेनमध्ये बसल्यावर रेवाने विचारलं, "काय म्हणाल्या तुला?"

"काही नाही."

"आई, आय सॉ. शी वॉज लाफिंग. काय म्हणाल्या?"

"ते आमचं आहे," मी म्हटलं.

चांगीहून जुरोंग ईस्ट म्हणजे मेट्रोच्या हिरव्या लाईनने सबंध बेट ओलांडायचं. रेवा सबंध बेट ओलांडेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.